डिस्कचं नाव देगलूर

यासेरनं नांदेडहून पाठवलेली डिस्क मी क्लासच्या कॉम्प्युटरला जोडली आणि पडद्यावर नवं काहीच आलं नाही. होतं ते सगळं क्लासचंच: केमिस्ट्रीच्या नोट्स, चारशे पोरांची हजेरी, सोमवारचा टेस्ट पेपर.

माझ्या सासूबाई, केवळाबाई, पहिल्या बाकावर माझ्या दहा महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "तारी हाय का गं त्यात?"

"बघते, आत्याबाई."

तारामती ही त्यांची थोरली. सोळा वर्षांपूर्वी भूकंपात गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचा फोटो नाही. पाटी, दप्तर, सगळं घराखाली गेलं. राहिली ती एक कॅसेट, कारण ती देगलूरला तिच्या मामाकडं होती. त्यात ती पाढे म्हणते. मागच्या वर्षी फीत टेपमध्ये अडकायला लागली, म्हणून मी ती यासेरकडं नेली. तो माझा नांदेडच्या कॉलेजातला वर्गमित्र. त्यानं आवाज त्याच्या कॉम्प्युटरवर उतरवला आणि आठवड्यानं फीत तुटलीच. दुसरी प्रत काढायचं मला सुचलं नाही. दिवस गेले होते, लक्ष नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगते. स्वतःला नाही सांगत. आता त्याचं मशीन जळालं होतं आणि नुसती डिस्क वाचली होती.

मी यासेरला फोन लावला.

"ताई, पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचा."

"एका नावाचे दोन आहेत म्हणतंय. इथलाच धरतो म्हणतंय."

"या अल्ला. चूक माझीच हाय. नांदेड-लातुरातली विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारी सगळी मशीनं मी एकाच सीडीवरनं बसवली. डिस्कवरच्या साठ्याला सीडी जे नाव देते तेच ठेवत गेलो. तुमच्या क्लासचं मशीन बी मीच बसवलेलं. दोघांचं नाव एकच, मग ते दुसऱ्याला घरात घेईना."

"मग?"

"एकाचं नाव बदला. नावानं हाक मारू नका, दोघं ओ देतील. प्रत्येकाचा एक लांबलचक नंबर असतो, तो सांगून बदला. पण क्लासचं बदललं तर उद्या मशीन उठणार न्हाई, बघा."

क्लासचे मालक शंकरप्पा सर, त्यांनी रविवारची परवानगी देताना एवढंच बजावलं होतं, सोमवारी मशीन चालू दिसलं पाहिजे. आमचे हे इथंच फिजिक्स शिकवतात.

"काय म्हणतो गं त्यो?" आत्याबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"त्यात काय एवढं? एका घरात एका नावाच्या दोन सुना झाल्या की नवीचं बदलतेत. घरातलीचं कोण बदलतंय का?"

फोनमधून यासेर हसला. "मावशी बरोबर बोलून राहिल्या."

नवी कोणती हेच तर कळत नव्हतं. पडद्यावर दोन नंबर, दोन्ही सारखेच अनोळखी. मी मशीन बंद केलं, आलेली डिस्क काढली, पुन्हा सुरू केलं. आता एकच नंबर उरला. तो क्लासचा. तो मी हजेरीच्या कागदामागं उतरवला, दोनदा ताडून पाहिला. मग डिस्क परत लावली. कागदावर नसलेला नंबर तिचा. तो मी यासेरला एकेक अक्षर वाचून दाखवला, त्यानं तो परत मला वाचून दाखवला.

"आता नाव द्या. असं द्या की कुठल्या बी मशीनला लावली तरी तिथं त्या नावाचं दुसरं नसेल."

मी तारामती लिहायला घेतलं.

"तिचं नगं," आत्याबाई म्हणाल्या. "ह्या मशीनमधनं त्या मशीनमध्ये किती हिंडवशील तिला? देगलूर घाल. तिथं होती म्हणून ऱ्हायली."

मी देगलूर लिहिलं. बटण दाबलं. मशीननं तक्रार केली नाही. यासेरनं सांगितलेल्या आणखी दोन ओळी लिहिल्या आणि यादीत एक फाईल दिसली. आधी तिची प्रत क्लासच्या मशीनवर घेतली, दुसरी पेन ड्राईव्हवर. मगच आवाज लावला.

खरखर. कोंबडी ओरडली. मग एक बारीक, घाईतला आवाज, "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..."

माझ्या लेकीनं मान वळवून स्पीकरकडं पाहिलं आणि हात पुढं केला. आत्याबाईंनी तो हात धरला, तिला माझ्याकडं दिलं.

"हिला भाईर ने."

मी तिला कडेवर घेतलं. गेलेल्या पोरीच्या आवाजापाशी माझी लेक मलाही नको होती, हे मला त्यांच्यासमोर कबूल करता आलं नसतं. बाहेर व्हरांड्यात मी दार लोटून उभी राहिले. आत पाढा चालला होता. मग तो अडखळला. फितीवर पोरगी गप्प, खरखर तेवढी चालू.

"एक्क्याण्णव गं," आत्याबाईंचा आवाज आला. "तेरा साती एक्क्याण्णव. म्हण."