लाडक्या कार्डाचं कुंकू

स्वप्नाच्या पडद्यावर पुन्हा लाल फुली उमटली. सकाळपासून नुसती फुलीमागून फुली!

कणांच्या टकरी टिपणाऱ्या परदेशातल्या एका प्रयोगासाठी लखनौच्या या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक कार्डं बनत. कार्डावरच्या चिपचा कोड कुणीही बदलला, की स्वप्नाने बसवलेली व्यवस्था तो आपणहून रॅकमधल्या एखाद्या कार्डात भरून तपासायची. हिरवी खूण मिळाली, तरच कोड पुढे. आज संध्याकाळपर्यंत तो पाठवला नाही, तर काम दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. स्वप्नाने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

"बंद कर तुझं ते खेळणं," गटप्रमुख चंद्रशेखर सर कडाडले. "माझ्या कार्डावर मक्खन चालतंय, यार!"

सरांचं कार्ड म्हणजे टेबलावरचं सगळ्यात पहिलं, लाडकं कार्ड. जो तो त्याच्यावरच कोड चालवून बघे. सर पक्के नागपूरकर. दसऱ्याला त्याची पूजाही करत. रॅकमधल्या नव्या कार्डांना कोण विचारतो?

स्वप्नाचं डोकं सणकलं. "सर, रॅकमधली सगळी खोटी आणि तुमचं एकटं खरं? आणा बघू ते इकडे."

तिची सहकारी पायल इथल्याच निशातगंजमध्ये वाढलेली. तिला मराठी सगळं समजे, बोले मात्र हिंदी. तिने कार्ड उलटं केलं. पाठीवर टेपचा तुकडा, त्यावर दसऱ्याचं कुंकू. त्याला हात लावायची कुणाची छाती! पायलने तो सर्रकन सोलला.

"मॅम, यहाँ तो तार लगी है!"

सर चपापले. "अरे... ही तर मीच जोडली होती. सुरुवातीला."

सगळा उलगडा झाला. चिप जागी करणारा संकेत कोडमध्ये चुकीच्या पायावर, म्हणजे पिनवर, दिलेला होता, आणि ही तार तो गुपचूप बरोबर पायावर नेत होती. इतर कार्डांना तार कुठली? ती उठणार कशी!

स्वप्नाने एक ओळ बदलली आणि तपासणी सगळ्या कार्डांवर सोडली. हिरवं. हिरवं. अख्खा रॅक हिरवा! पायलने शिट्टी मारली. स्वप्नाला इतका आनंद झाला, की डोळेच भरून आले.

"हे असंच गेलं असतं, तर तिकडे एकही कार्ड उठलं नसतं," सर हळूच म्हणाले. मग त्यांनी कीबोर्ड ओढला. कोडच्या माथ्यावर आजवर फक्त त्यांचंच नाव होतं. त्याच्याआधी त्यांनी स्वप्नाचं नाव घातलं.

"पाठवू, सर?"

"थांब ना. बदल केलाय मी."

खुर्ची असूनही ते उभेच राहिले. पडदा हिरवा झाला, तेव्हा म्हणाले, "हाँ, आता पाठव."