नबाबाचा किस्सा

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, रेकॉर्डच्या खोलीला लागून, नवख्या कोडरांचा वर्ग भरायचा. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेल्या आजाराला नेमका कोड कसा लावायचा, तोही विमा कंपनीला बोट ठेवायला जागा न सोडता, हे तिथे शिकवत. शिकवणाऱ्याला सगळे नुसतंच सर म्हणत. सर कामात तरबेज होते आणि तोंडाने त्याहून तरबेज. अशा माणसाला टाळ्यांची सवय लागली की जिभेला लगाम उरत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

त्यांचा एक किस्सा ठरलेला होता. नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी, बुजलेल्या पोरापोरींना मोकळं करायला, ते तो सांगत.

"आमच्या घरी एक नबाब आहेत. माझा धाकटा भाऊ! सकाळी यांची कंबर अशी धरते की अंथरुणातून उठायला पाऊण तास. बादली उचला म्हटलं की, आई गं! आणि संध्याकाळी? बॅडमिंटन! उड्या बघाव्यात साहेबांच्या. रविवारी दिवसभर लोळले की सोमवारी कंबर जास्तच दुखणार. आराम करून दुखणारी कंबर पाहिलीय का कुणी?"

मग कमरेवर हात ठेवून, कण्हत, सर नबाबाची चाल करून दाखवत. हशा पिकायचा. घरी पाहुण्यांपुढेही हाच खेळ व्हायचा, आणि नबाब तिथेच बसून पाहुण्यांबरोबर हसायचा. "भावजींना एकदा डॉक्टरला दाखवा हो," असं बायकोने दोनदा सुचवलं, तेव्हा "आळसाचा डॉक्टर सापडला की नेतो," म्हणून सरांनी तिलाही गप्प केलं होतं.

कंबरदुखीचा धडा यायचा दुसऱ्या आठवड्यात. तोवर किस्सा सगळे विसरलेले असत. या तुकडीच्या पहिल्या दिवशी मात्र सरांचा घसा बसला होता, आणि किस्सा राहून गेला.

धडा त्यांनी झकास शिकवला. फळ्यावर मधोमध रेघ मारली. "इकडे साधी कंबरदुखी, एम चोपन्न. वजन उचललं, वाकलं की वाढते. आडवं पडलं की उतरते. आणि ही दाहाची, एम पंचेचाळीस. सांधे आतून सुजतात. तरुण वयातच सुरू होते, पहाटे झोप मोडते, सकाळी पाठ लाकडासारखी होते. हिंडलं-फिरलं की सुटते, आराम केला की वाढते. औषध वेळेवर मिळालं नाही तर मणके हळूहळू एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेले सुटत नाहीत. एक खूणगाठ बांधा. डॉक्टरांनी निदान लिहिलेलं नसेल तर नुसत्या लक्षणांवरून कोड लावायचा नाही. त्यांना विचारायचं."

जेवणानंतर वर्ग पेंगायला लागला. सरांना हुकमी औषध आठवलं. त्यांनी नबाबाचा किस्सा काढला, रंगवला, चालही करून दाखवली.

कुणी हसलं नाही. उलट पेनं सरसावली.

"सर, सकाळी किती वेळ म्हणालात?" मागून एकाने विचारलं.

"पाऊण तास." सर अजून कमरेवर हात ठेवूनच होते.

"आणि वय, सर?"

"एकतीस. पण हे कॉलेजात असल्यापासून चाललंय."

पुढच्या बाकावरची मुलगी उजळली. "मग सोप्पंय. एम पंचेचाळीस!"

"थांब गं," तिची शेजारीण म्हणाली, "सर फसवतायत. यात डॉक्टरांची नोंदच नाहीये. कोड नाही लावता येणार." आणि मग सरांकडे वळून, "सर, या पेशंटला डॉक्टरांनी पाहिलेलंच नाही का?"

सरांनी भावाचं निमित्त करून उदाहरण रचलंय, असा बिचाऱ्यांचा समज झाला होता. सरांनी कमरेवरचा हात काढला.

"नाही," ते म्हणाले. "कुणी नेलंच नाही त्याला."

"म्हणजे माझं उत्तर बरोबर?" शेजारणीने विचारलं. "कोड नाही?"

"बरोबर."

त्यांनी फळ्याकडे तोंड फिरवलं. तिथे त्यांच्याच वळणदार अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. गेली कित्येक वर्षं दर तुकडीला हेच लिहून ते घरी जात होते आणि घरी गेल्यावर त्या पोराला कामचुकार म्हणत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. फळा पुसायचा म्हणून ते तो बराच वेळ पुसत राहिले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा धाकटा ओट्याशी उभ्यानेच भाजी चिरत होता. दाराच्या खिळ्याला रॅकेट लटकत होती. तिच्या खोळीवर धुळीचा थर होता.

"खेळायला नाही गेलास?"

धाकट्याने सुरी ठेवली आणि सबंध अंगानेच वळला. मान वळवायलासुद्धा नबाबाला कष्ट पडतात, असा एक विनोद सरांनी त्यावरही केलेला होता.

"खेळणं सोडलं की, दादा. वर्ष होऊन गेलं."

आणि आज दुपारी सर त्याच्या उड्या रंगवून सांगून आले होते.

"सकाळी पाठ किती वेळ आखडलेली असते रे?"

धाकटा हसला. कमरेवर हात ठेवून त्याने दोन पावलं टाकली. "पाऊण तास, सरकार! बादली उचला म्हटलं की, आई गं!" हुबेहूब सरांचाच आवाज, सरांचीच ढब. "कोण पाहुणे यायचेत आज?"

"कुणी नाही. उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलला चल. तुझी पाठ दाखवू."

धाकट्याचं हसू ओसरलं. हात कमरेवरच राहिला.

"म्हणजे खरंच दुखते, असं वाटतं तुला?"

सर खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"मला आताशा वाटायला लागलं होतं," धाकटा मागून म्हणाला, "की मी नाटकच करतो."

सरांकडे तोंड करायला तो ओट्याला धरून, छोटी पावलं टाकत वळत असल्याचं त्यांना ऐकू आलं. त्याला आणखी वळावं लागू नये म्हणून ते स्वतःच फिरून त्याच्यासमोर आले. वर बघणं त्यांना फार जड गेलं. पण त्यांनी बघितलं.