अर्ध्या बागेतला ब्लोअर

समाधानचं वागणं नवसाबाईंना अजिबात पटलं नव्हतं. कालपासून आभाळ भरलेलं. आपल्या बागेत फुलोऱ्यातल्या घडांवर डाऊनी रोग दिसायला लागलाय, असं धाकटी सून प्रतिभा दोनदा सांगून गेली होती. आणि हा थोरला शहाणा उजाडायच्या आत ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर स्वतःच्या बागेत घालून मोकळा! बरं, मारत काय होता, तर मणी फुगवायचं टॉनिक. त्याची छाटणी आगाप, म्हणजे लवकरची; मणी केव्हाच धरलेले, रोगाचा मोठा धोका टळलेला. टॉनिक चार दिवसांनी दिलं असतं तरी काही आकाश कोसळत नव्हतं.

दिंडोरीजवळच्या त्या मळ्यात द्राक्षाच्या बागा दोन आणि ब्लोअर एक. धाकटा रविराज वारल्यापासून त्याची बाग प्रतिभाच बघे. मागं दोघे भाऊ याच ब्लोअरवरून एकमेकांच्या अंगावर गेले होते. तेव्हा नवसाबाईंनी ओट्यावर बसून निकाल दिला होता, ‘ज्याच्या बागेत ब्लोअर शिरला, त्याची बाग पुरी झाल्याशिवाय तो बाहेर निघणार नाय.’ त्या दिवसापासून भांडण नाही. मजूरसुद्धा त्याच हिशेबानं कामाला येत. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचा शब्द मळ्यात कायद्यासारखा चालतो, याचा त्यांना केवढा तोरा! आज तोच शब्द त्यांच्या आड आला होता. ओट्यावरून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यावरून ओट्यापर्यंत त्यांच्या येरझारा चालल्या होत्या.

समाधान चहाला आला तसा त्यांनी तोफ डागली. “काढ तो ट्रॅक्टर.”

“नाय काढत. निकाल तुझाच हाय ना? तू निकाल दिलास त्या साली रविराजची फवारणी चालू होती अन् माझी बाग डोळ्यादेखत गेली. निकालानंतर मी तोंड उघडलं का? मी सोसलं, आता तिनं सोसावं. का माणूस बघून निकाल बदलायचा?”

पोरगा खोटं बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं.

प्रतिभा काळवंडलेला घड हातात घेऊन ओट्याशी उभी होती. “आई, आज औषध नाही पडलं अन् पाऊस आला, तर एक घड राहणार नाही. पीकच गेलं तर ही बाग मी कशाच्या जिवावर ठेवू?”

समाधानची लेक आरोही नाशिकच्या कोर्टात वकिली करायची. रविवारची घरी आली होती. ती म्हणाली, “आजी, आमच्याकडं पण असंच असतं. वरच्या कोर्टानं एकदा ठरवलं की खालच्यानं तसंच ठरवायचं. त्यामुळं आपलं काय होणार ते माणसाला आधी कळतं. पण निकाल चुकीचा असला, तर तोही तसाच डोक्यावर बसतो.”

“मग त्याला उठवतं कोण?”

“त्याच्याहून मोठं कोर्ट.”

“माझ्याहून मोठं या घरात कोण हाय?”

“कोणी नाही. तोच तर लोचा आहे!”

समाधान खुशीत चहा फुरकायला लागला. पण आरोही थांबली नाही. “निकाल न मोडताही वाट निघते, आजी. तो कशासाठी दिला होता ते बघायचं. ते कारण इथं असेल, तरच तो इथं लागू होतो.”

“तू कोणाची वकील गं?” समाधान खेकसला.

“तुम्ही कुठं वकीलपत्र दिलंय, पप्पा?”

नवसाबाईंच्या येरझारा थांबल्या. कशासाठी दिला होता? रोगट बाग अर्धी फवारून सोडली, तर राहिलेल्या ओळींवरचा रोग फवारलेल्या ओळींवर परत येतो. सगळंच वाया. म्हणून. त्या साली दोन्ही बागा रोगट होत्या.

“समाधान, टॉनिक अर्ध्यात सोडलं तर काय होईल?”

“मणी... जरा मागं पडतील.”

“मरतील?”

त्यानं कप खाली ठेवला.

“मग ऐक आता,” नवसाबाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. “जुना निकाल मी मोडत नाय. तो रोगट बागेसाठी होता, तुझ्या नटव्या मण्यांसाठी नाय. त्या साली रविराज टॉनिक मारत असता, तर त्यालाही कान धरून बाहेर काढला असता. टाकीत कालवलंय तेवढं मार, अन् ब्लोअर प्रतिभाच्या बागेत लाव. उद्या ती टॉनिक मारताना तुझ्या बागेत रोग शिरला, तर तिलाही हेच लागू. अन् माझा शब्द पुढं करून पुन्हा असा पहाटे ट्रॅक्टर पळवलास, तर पाठीवर पंप बांधून फवारायला लावीन. ऊठ!”