चांदी आत, सोनेरी बाहेर

मित्रांनो, मी एक जुनी, चुरगळलेली चादर आहे. एका बाजूनं चंदेरी, दुसऱ्या बाजूनं सोनेरी आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ! पण घराणं विचाराल तर थेट अंतराळातलं. उपग्रहांना ऊन-थंडीपासून जपायला चकाकतं आवरण गुंडाळतात ना, त्याच जातीची मी. माणसाची ऊब माणसालाच परत द्यायची, हे माझं काम.

कारखान्यातून निघाले ती पिंपरी पेंढारच्या आशा सेविका सोनलताई यांच्या औषधांच्या पिशवीत पडले. दोन वर्षं! एकदा तर कुणीतरी मला गणपतीच्या मखरासाठी मागितलं. इतका अपमान वाटला म्हणून सांगू!

मग पौषातली ती सकाळ आली. माहेरी आलेल्या हर्षालीताईंचं बाळ दीड महिना आधीच, घरीच जन्मलं. जीप नारायणगावच्या दवाखान्याकडे निघाली. सोनलताईंनी बाळाला आईच्या छातीशी धरलं, टोपी घातली. "आजी, हे दोघांवरून गुंडाळा. बाळाचं तोंड उघडं ठेवा," म्हणत मला आजींच्या हाती देऊन त्या दवाखान्याला फोन लावू लागल्या.

हर्षालीताईंच्या आजी, सारजाबाई, मला उलगडून म्हणाल्या, "अगं बया, ह्यो तर मल्चिंग पेपर!" आणि टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरतात तशी, चांदी वर करून त्यांनी मला पांघरली. 'आजी, उलटं!' मी ओरडले. पण आवाज निघाला नुसता चुरचुर.

पुढे टोमॅटोच्या गाड्यांत जीप अडकली. सोनलताईंनी थर्मामीटर लावला. मघाशी शहाण्णव होतं, आता पंच्याण्णव. बाळ रडेनासं झालं.

हर्षालीताईंची नववीतली बहीण अक्षदा माझं रिकामं पाकीट वाचत होती. ती एकदम किंचाळली, "आजे, चांदी आत पायजे!"

"गप ए! चांदी वरच असती. पंधरा वर्सं हाथरतीये मी."

"तिथं ऊन परतवायचं असतं गं! इथं बाळाची ऊब परतवायचीये!"

आजी थबकल्या. "मंग कर की उलटं, बघतीस काय!"

अक्षदानं मला फिरवलं. आईची ऊब होतीच, मी फक्त ती सांडू दिली नाही. पुन्हा थर्मामीटर. पंच्याण्णवच. दवाखान्याच्या फाटकाशी मात्र शहाण्णव झालं, आणि बाळानं असं भोकाड पसरलं की सारजाआजीही रडायला लागल्या!

आता माझी झिलई गेलीय, मी अक्षदाच्या कपाटात असते. मित्रांनो, माझ्या बहिणी कुठल्या कुठल्या पिशव्यांत वाट बघत पडल्यात. त्यांना मखराला नेऊ नका, आणि पाकिटावरचं आजच वाचून ठेवा.

परवा शेतात पेपर अंथरताना सारजाआजी म्हणे बायांना बजावत होत्या, "टोमॅटोला चांदी वर. लेकराला आत. इसरू नका!"