काळ्या पडद्याची दुरुस्ती

"भाऊजींनी तुझा कॉम्प्युटर दुरुस्त केलाय," सासूबाईंनी तिला दारातच सांगितलं. कॉम्प्युटर बिघडलाच नव्हता.

आत दीर खुर्चीवर मांडी ठोकून पत्त्यांचा खेळ खेळत होता. खेळामागे पडद्यावर विंडोजचं हिरवंगार कुरण पसरलं होतं.

"बघा वहिनी, कसा चकाचक झालाय. काळा पडदा, नि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती. म्हटलं, हा गेला कामातून. सगळं पुसलं, नवं टाकलं."

"सगळं?"

"झाडून. होतं काय आत? नुसती अक्षरं."

त्या नुसत्या अक्षरांवर तिची सोमवारची परीक्षा उभी होती. कॉलेजातल्या नोकरीत ती प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढायची. सर्व्हरच्या खोलीतली जागा रिकामी होती, पण काळ्या पडद्यावर नुसत्या लेखी हुकमांनी चालणाऱ्या लिनक्सचं प्रमाणपत्र असेल त्यालाच मिळणार होती. म्हणून या जुन्या यंत्रावर ती सरावासाठी खोटी खाती उघडायची, मुद्दाम बिघाड करायची आणि ते निस्तरायची. निम्मी परीक्षा असल्याच कामांची होती.

तिला दिराचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. पासवर्ड ठेवला नव्हता. घरातल्या घरात कसलं कुलूप? फायलींची दुसरी प्रत मात्र ती न चुकता काढायची आणि ठेवायची त्याच डिस्कवर. दुसरी किल्ली घरात ठेवून दार ओढून घेणाऱ्यांना आजवर ती हसत आली होती.

"चांगल्या मनाने केलंय गं त्याने," नवरा म्हणाला.

"तुझी गाडी मी चांगल्या मनाने भंगारात घातली तर?"

"गाडी चालते."

"हाही चालत होता."

"मग पडदा काळा का होता?"

"मी काय सांगते याची वाट बघत होता. या घरात तेवढा एकच."

नवरा हसला. "बरं बाई. परीक्षा काय, पुन्हा देता येते."

दिराने डिस्क पुसली होती. याने तर परीक्षाच पुसून टाकली.

रविवारी उजाडताच तिने ते कुरण उडवलं, लिनक्स पुन्हा टाकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. रागाने बोटं कीबोर्डवर आदळत होती.

"मोडेल गं तो," सासूबाई म्हणाल्या.

"मोडू दे."

खाती, गट, परवानग्या सगळं भराभर उभं राहिलं. नेटवर्कचा धडा मात्र हाताला येईना. तो तिने परवाच कसाबसा जमवला होता.

संध्याकाळी दीर बिचकत कॉम्प्युटरसमोर येऊन बसला. तिने त्याचं वेगळं खातं उघडून पासवर्ड त्याला कागदावर लिहून दिला होता.

"वहिनी, आत जाता येतंय, पण तुमचं काही पुसता येत नाही, नवीन काही टाकताही येत नाही."

"बघायची परवानगी आहे. हात लावायची नाही."

"घरच्या माणसाला असं?"

"घरच्याच माणसाला."

दारातून नवऱ्याने विचारलं, "आणि माझं खातं?"

"उघडलेलं नाही."

"का?"

"खातं काय, पुन्हा कधीतरी उघडता येतं," ती म्हणाली. "उठा भाऊजी."

दोघं बाहेर गेल्यावर तिने कडी लावली आणि नेटवर्कचा धडा काढला. राग अजून उतरला नव्हता. रात्रभर पुरेल एवढा होता.