प्यो मालक

मेकॅनिकनं गाडीची पुढची नंबरपाटी काढली, पँटवर पुसली आणि तो मागच्या पाटीकडे वळला. रान-ही बाजूला उभी राहून पाहत होती. पिवळी पाटी होती त्या जागी ट्रेलर ओढणाऱ्या घोड्याच्या, म्हणजे पुढच्या इंजिनगाडीच्या तोंडावर एक स्वच्छ चौकोन उरला होता. बाकी सगळीकडे धूळ, डांबर आणि चिरडलेले किडे.

"आजच काढायला हवी का?"

"मला म्हणाले काढ, मी काढतोय." दोक-बेनं स्क्रूवर तेल सोडलं. "पाना कसा धरायचा ते तुमच्या बाबांनी शिकवलं मला, ताई. आणि आता त्यांचेच स्क्रू हलायला तयार नाहीत. जाताजाता म्हातारा मला कामाला लावून गेला बघा."

तो हसला. तिच्याकडे पाहिल्यावर त्याचं हसू आपोआप आवरलं.

भिंतीपलीकडे बुसान बंदराच्या क्रेन हळूहळू सरकत होत्या. रान-ही पत्र्याच्या जिन्यावरून ऑफिसात गेली. मॅनेजर हाम साहेबांनी स्वतः उठून यंत्रातली गोड कॉफी कागदी कपात आणून दिली आणि विचारलं, "आम्ही पाठवलेलं पुष्पचक्र पोचलं ना?"

"पोचलं."

"मोठंच सांगितलं होतं मी. प्यो मालकांना लहान कसं पाठवायचं?"

पुष्पचक्र मोठं होतं खरं. रिबिनीवरचं कंपनीचं नाव दारातून आत येणाऱ्याला बाबांच्या फोटोआधी दिसत होतं.

"गाडी तुमचीच आहे, ताई," हाम साहेब खुर्चीत टेकत म्हणाले. "फक्त नावावर आमच्या आहे. आणि पाटी आमची. भाड्यानं माल वाहायचा तर पिवळी पाटी लागते, नव्या पाट्या सरकार देत नाही, आणि आहेत त्या कंपन्यांकडे. आमच्याकडे सगळ्यांचं असंच चालतं."

"बाबांनी त्या पाटीचे अडीच कोटी वॉन भरले होते. दर महिन्याचं भाडं वेगळं."

"वापरायचे भरले होते ना? वापरली की त्यांनी. नऊ वर्षं वापरली." शाबासकी द्यावी तसे ते म्हणाले. "आता दुसऱ्याला वापरू दे."

तिचा बाप प्यो दल-सू आधी या कंपनीत अकरा वर्षं पगारी ड्रायव्हर होता. तेव्हा डिझेल कंपनीचं, टायर कंपनीचे, गाडी बंद पडली तर डोकेदुखीही कंपनीची. मग कंपनीनं एकेका ड्रायव्हरला त्याच्याच हातातली गाडी हप्त्यानं विकायला काढली. दल-सूनं घेतली तेव्हा गाडी तीच राहिली, रस्ता तोच, माल तोच. दारावरचा कंपनीचा निळा पट्टासुद्धा पुसायची परवानगी नव्हती. बदलला तो एक शब्द. काल ‘ड्रायव्हर’ म्हणून हाक मारणारे आज ‘प्यो मालक’ म्हणू लागले. सोबतचे थट्टा करायचे, "काय मालक, पगार कधी करताय?" तो म्हणायचा, "मालकाचं पोट भरून उरला की लगेच." फोनवर लेकीला एकदा म्हणाला होता, "गाडी भरून आणतो ती डिझेलची कमाई, रिकामी आणतो तो माझा धंदा." ती हसली होती. तो विनोद आहे असं तिला वाटलं होतं.

पहिला घोडा थकल्यावर त्याच पाटीखाली त्यानं दुसरा घेतला, जुनाच, पण पुन्हा हप्त्यानं. त्या हप्त्यांना जामीन रान-हीची आई होती. तीन आठवड्यांपूर्वी चिलगोकच्या विश्रांतीतळावर तो केबिनमधल्या बाकावर झोपला तो उठलाच नाही. बूट नेहमीसारखे दाराशी काढून, जोडी लावून ठेवलेले होते.

"एवढा एक कागद भरला की झालं," हाम साहेब म्हणाले. "मग गाडी तुमच्या आईच्या नावावर करायचं पत्र देतो. विका, भंगारात घाला, तुमची मर्जी."

रान-हीनं कागद शेवटपर्यंत वाचला. मयताचं नाव. मयताचा कंपनीशी संबंध. कंपनीकडून कसलंही येणं नाही.

अंत्यविधीच्या जेवणात तिखट सूपच्या वाडग्यावर वाकून बाबांचा एक सोबती तिच्या कानाशी बोलला होता. "पोरी, कुठंही ‘मालक’ असं लिहून देऊ नकोस. कंपनी म्हणेल तिथं, म्हणेल तेव्हा गाडी घातली त्यानं. एकदा तापानं फणफणला होता, तरी सुट्टी नाही. अशाला मालक म्हणतात होय? कोर्टात तो ड्रायव्हर ठरला, तर नऊ वर्षांची निवृत्तीची रक्कम वहिनीच्या हातात पडेल. माझ्या ओळखीतल्या एकाची पडलीय."

तिनं पेन उचललं आणि ‘संबंध’पुढे लिहिलं: ड्रायव्हर.

हाम साहेबांनी कागद फिरवून पाहिला. रागावले नाहीत. खणातून दुसरा कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

"होतं असं दुःखात. परत लिहा."

"मी बरोबरच लिहिलंय."

"मग गाडी इथेच राहू द्या. मी कुठं घाई करतोय? जागेचं भाडं दिवसावर लागतं, आणि हप्ता पंचवीस तारखेला. आईंना माहीत असेलच." त्यांनी कपातली कॉफी ढवळली. "तुम्ही शिकलेल्या. कोर्टात जाल. दोन वर्षं, तीन वर्षं. तोवर टायर बसतील जमिनीत. आणि कोर्ट पहिलं काय मागेल? हे."

त्यांनी एक फाइल उघडून तिच्याकडे सरकवली. करारावर सहीच्या जागी बाबांच्या नावाचा शिक्का होता, लाल, गोल आणि उलटा उमटलेला.

"उलटा मारला, बघा. एवढी घाई होती. आधी दोन वर्षं मी मागे लागलो होतो, गाडी घ्या, गाडी घ्या. ऐकेनात. म्हणायचे, पगार बरा, रात्री झोप लागते. आणि एक दिवस आपण होऊन दारात उभे. आजच करा म्हणाले."

रान-हीची नजर शिक्क्याखालच्या तारखेवर गेली. अठरा मार्च.

त्या वर्षीचा चौदा मार्च तिला पाठ होता. पोरं पोरींना गोड गोळ्यांचे डबे देतात तो दिवस. होणाऱ्या नवऱ्यानंही दिला होता, आणि त्याच दुपारी दोन्ही घरं पहिल्यांदा जेवायला भेटली होती. सासरे बँकेतून निवृत्त झालेले. बाबांनी भाड्याचा कोट घातला होता आणि हात टेबलाखाली ठेवले होते. भाजलेल्या माशाचं ताट आलं तेव्हा सासऱ्यांनी सहज विचारलं होतं, "आपण काय करता?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत तीच बोलली होती.

"बाबांचा वाहतुकीचा व्यवसाय आहे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. माशाचा काटा कडेला काढत ते म्हणाले होते, "हो. छोटासाच."

जिन्यावर पावलं वाजली. दोक-बे एका हातात दोन्ही पाट्या आणि दुसऱ्या हातात खोकं घेऊन आत आला. पाट्या त्यानं हाम साहेबांच्या टेबलावर ठेवल्या, खोकं तिच्यापुढे.

"केबिनमधलं आहे, ताई. बसायच्या जागेखाली होतं तेही टाकलंय."

थर्मास. आतल्या चपला. औषधाची अर्धी पट्टी. तळाशी रबरानं बांधलेला छोट्या कार्डांचा गठ्ठा. रबराला हात लावताच ते तुटलं. वरच्या कार्डावर बाबांचं नाव होतं आणि त्याखाली: वाहतूक व्यवसाय, मालक.

"अरे, ही अजून आहेत?" हाम साहेब मनापासून हसले. "सही केली त्याच दिवशी छापायला टाकली होती. शंभर. आम्ही विचारलं, अहो, ट्रकवाला कार्ड देणार कोणाला?"

एक तरी बाबांनी दिलं होतं. तिच्या लग्नाच्या हॉलमध्ये, नखं घासून लाल केलेल्या बोटांनी, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी. सासऱ्यांनी ते न वाचता कोटाच्या खिशात टाकलं होतं. रान-हीनं ते पाहिलं होतं आणि मान वळवून फोटोग्राफरकडे पाहिलं होतं.

खाली अंगणात कोणीतरी नवी गाडी मागे घेत होतं. दोक-बे खिडकीतून ओरडला, "येऊ द्या, मालक, येऊ द्या!"

तिनं कोरा कागद जवळ ओढला. नाव लिहिलं. मग एक कार्ड समोर ठेवून, त्यावर होतं तसंच, अक्षरन् अक्षर पाहून, दुसरी ओळ भरली. पिशवीतून आईनं सोबत दिलेला तिचा शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ दिली आणि सरळ धरून दाबला.

हाम साहेबांनी कागदावर फुंकर मारली.

"अक्षर सुंदर आहे तुमचं. आणि ते एक कार्डही द्या, फाइलला लावतो. पुरावा म्हणून बरं पडतं."

त्यांनी हात पुढे केला. रान-ही उभी राहिली, किंचित वाकली आणि तिनं ते कार्ड दोन्ही हातांनी दिलं.