वाढत्या अंगाचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना स्टुडिओ फ्लॅश आहे. जुना म्हटल्यावर खूप राबलेला, झिजलेला असं काही डोळ्यांपुढे आणू नका. मी नुसता पडून जुना झालो. फोटो काढताना क्षणभर लख्ख उजेड पाडायचा, एवढंच माझं काम, आणि तेही मी उभ्या आयुष्यात धड तीन महिनेही केलं नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एकीनं तारा जोडल्या, दुसरीनं काचेची वाटोळी नळी बसवली, तिसरीनं बटण दाबून मला उजळून पाहिलं आणि पटकन डोळे मिटले. खोक्यावर माझ्या ताकदीचा आकडा छापला होता, सहाशे. त्या आकड्याचा मला भारी अभिमान. पुढे त्यानंच घात केला.

दुकानात माझ्या शेजारी एक दोनशेचा फ्लॅश बसायचा. चणीनं लहान, स्वभावानं मवाळ. त्याच्याबरोबर उजेड मऊ करणारी मोठी पांढरी छत्री आणि जड स्टँड मिळायचा. मी एकटा जेवढ्याला, तेवढ्यातच त्याचा सगळा संसार. मी त्याला मनातल्या मनात हसायचो.

एका दुपारी ती आली. पोटाशी बांधलेली अडीच महिन्यांची लेक, टिंगू. बरोबर नवरा. हातात एक कागद. टिंगूला पाजता पाजता आठवडाभर वाचून वाचून तिनं तो लिहिला होता. 'लहान फ्लॅश. मोठी छत्री. जड स्टँड. खोली दहा बाय अकरा, छत बुटकं.' तिची बाळंतपणाची रजा संपायला तीन महिने होते. तेवढ्यात घरच्या खोलीत तान्ह्या बाळांचे फोटो काढायचा जम बसला, तर ती नोकरी सोडणार होती. म्हणजे टिंगू डोळ्यांसमोर राहिली असती. नाही बसला, तर तिला ऑफिस आणि टिंगूला पाळणाघर. लेक गाढ झोपली तरी नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघणारी बाई ती. पाळणाघर हा शब्द तिला ऐकवत नव्हता.

"ताई, दोनशेचा सुरुवातीला ठीक आहे," दुकानदार म्हणाला. "पण सहा महिन्यांत परत याल आणि मोठा द्या म्हणाल."

"मग एकदाच मोठा घेऊ की," नवरा म्हणाला.

"अरे, पण आपली खोली केवढी."

"खोली आज लहान आहे. उद्या तुझा स्टुडिओ होईल. टिंगूची झबली कशी घेतो आपण? वाढत्या अंगाची. हाही तसाच घेऊ."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण नवरा तिच्याकडे बघतच राहिला. आपण वाढणार आहोत असं कुणीतरी आपल्याबद्दल धरून चाललंय, यानंच तिला भरून आलं असेल. तिनं कागदाची घडी केली आणि माझ्या खोक्यात सरकवली.

सगळे पैसे माझ्यातच संपले. छत्री पुढच्या महिन्यात बघू, असं ठरलं. स्टँड दुकानदारानं वर फुकट दिला. फुकटचा तो, काडीसारखा.

पहिला फोटो टिंगूचा. मी जीव ओतून उजळलो. फोटोत टिंगूचं नाकच नव्हतं. सगळा चेहरा पांढराफटक, वर दोन दचकलेले डोळे.

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं, पोर आहे की पिठाच्या डब्यात पडलेली पाल? जरा कमी कर की उजेड."

"हाच सगळ्यात कमी आहे, आई."

मित्रांनो, हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. मला मोठ्यानंच बोलता येत होतं. कुजबुजणं मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तान्ह्या बाळाशी तर कुजबुजावंच लागतं.

तरी ती हरली नाही. तिनं मला दारात नेलं, पार बाहेरच्या बोळात उभं केलं. मग शिक्षा झालेल्या पोरासारखं भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तेव्हा उजेड भिंतीवरून मऊ होऊन परत यायचा. पण भिंत हिरवट, म्हणून बाळंही हिरवट आली. शेवटी तिनं टिंगूचं जुनं पांढरं दुपटं चौपदरी करून माझ्या तोंडावर बांधलं. त्या दुपट्यातून मी एकदाच, शेजारच्या बाळाच्या तळपायांचा फोटो असा काढू दिला की बघणाऱ्यानं हात पुढे करावा. तो फोटो हातोहात फिरला. "पाय तर पाय, पण जीव आहे गं त्यात," सासूबाई म्हणाल्या. माझं उभ्या जन्मातलं कौतुक तेवढंच. दुपट्याला मात्र माझ्या उष्णतेनं तपकिरी डाग पडू लागला होता. ती एक डोळा बाळावर, एक डागावर आणि कान आतल्या खोलीतल्या टिंगूकडे ठेवून काम करायची. एवढं सगळं एका माणसात किती दिवस मावणार?

तिसरा महिना निम्मा सरला होता. तळपायांचा तो फोटो बघून एक आजी आपली सून आणि महिन्याचा नातू घेऊन आल्या. बाळ गादीवर झोपलं होतं. उजेड सौम्य पडावा म्हणून तिनं मला स्टँडच्या पार टोकापर्यंत चढवलं. तेवढ्यात आत टिंगू रडली. ती वळली. एकच पाऊल, आणि ते माझ्या वायरीत अडकलं.

जड डोकं आणि काडीसारखे पाय. मी पडलो.

बाळाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडलो. माझी नळी फुटली. बाळाला ओरखडासुद्धा नव्हता. त्याची आई जागच्या जागी थिजली होती. तिच्याआधी हिनंच धावत जाऊन बाळाच्या नाकाखाली बोट धरलं.

आजींनी बाळ उचललं, छातीशी धरलं. मग त्या म्हणाल्या, "बाई, तुझंही लेकरू लहान आहे. आम्ही तुला काय बोलणार?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नळी बदलू. चांगला स्टँड आणू," नवरा त्या संध्याकाळी म्हणाला. "चूक माझी आहे. मीच मोठा घ्यायला लावला."

"तुझं नाही रे काही. पण पुढच्या वेळी वीतभर तरी सुटेल कशावरून?"

त्यानंतर फोन आले की ती एवढंच सांगायची, "सध्या बंद आहे." रजा संपली त्या सकाळी टिंगूची पिशवी तिनं तीनदा भरली आणि तीनदा उपसून पाहिली. दारातून दोनदा परत आली, एकदा रुमालासाठी, एकदा कशासाठीच नाही. मग कुलूप लागलं. मी कोपऱ्यात पडून रिकाम्या गादीकडे बघत राहिलो.

पुढे माळा. माझ्यासारख्यात महिन्यातून एकदा तरी वीज भरावी लागते, नाहीतर साठवण्याचं बळच जातं. पाच वर्षं कुणी भरली नाही. आता नवी नळी बसवली तरी मी उजळेन असं मला वाटत नाही.

परवा जुनी दप्तरं काढताना मी खाली आलो. टिंगू शाळेच्या गणवेशात उभी होती, बाह्या दुमडलेल्या.

"आई, हे काय आहे?"

"दिवा. वाढत्या अंगाचा घेतला होता."

टिंगूनं आपल्या बाहीकडे पाहिलं. "मग आपण वाढलो का?"

आईनं वाकून टिंगूच्या एका बाहीची घडी उलगडली. बाही मनगटावर नेमकी बसली. दुसऱ्या बाहीचीही उलगडली. मग ती ऑफिसला जायला उठली आणि मला परत वर ठेवलं.

मित्रांनो, मला पुसा, दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. त्याची वेळ गेली. एवढंच मागतो, की तुमच्या घरातलं कुणी नीट विचार करून चार ओळी लिहून दुकानात आलं, तर त्या कागदाची घडी होऊ देऊ नका. प्रेमानंसुद्धा नाही.

तो कागद अजून माझ्या खोक्यात आहे. त्यावरचं सगळं बरोबर होतं.